नव्या फोटोला जुना मुलामा

हल्ली मंगल परिणयाची पत्रिका हातात पडण्याच्या आधी मोबाईलवर येते. पत्रिकेवर वधू-वरांचा फोटो असतो, आणि हे फोटो दिवसेंदिवस जुने होत चालले आहेत! तपकिरी रंग, झिजलेले कोपरे, मधोमध घडी पडल्याची पांढरी रेघ, एका बाजूला चहा सांडल्यासारखा डाग. घरातली म्हातारी माणसे चष्मा लावून विचारतात, "हा कोणाच्या आजोबांचा फोटो म्हणायचा?" मग कोणीतरी दाखवून देते की आजोबांच्या मनगटावर स्मार्ट वॉच आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, ही करामत कशी करतात, त्यात खरे किती आणि खोटे किती, आणि आपल्या घरातल्या खऱ्या जुन्या फोटोंशी तिचा संबंध काय, याविषयी या वेळी लिहावे असे आम्हांला वाटले. विषय वरवर पाहता तरुण मुलांचा आहे. पण वडीलधाऱ्यांनीही वाचावा, कारण तो शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेपर्यंत जातो.

मोबाईलने काढलेला फोटो फार स्वच्छ असतो. त्याला वय नसते. आज काढला आणि वीस वर्षांनी उघडला तरी तो जसाच्या तसा. कागदावरचा फोटो मात्र माणसासारखाच म्हातारा होतो. तो पिवळा पडतो, त्याला सुरकुत्या येतात, त्याचे कोपरे गळतात. हे म्हातारपण आपल्याला आवडते, म्हणून ते बाहेरून आणून नव्या फोटोवर चढवायचे, एवढीच ही युक्ती. एखाद्या जुन्या कागदाचा, भिंतीचा, कापडाचा किंवा ओरखडलेल्या पत्र्याचा वेगळा फोटो घ्यायचा आणि तो आपल्या फोटोवर पातळ पडद्यासारखा अंथरायचा. या पडद्याला टेक्श्चर म्हणतात आणि अंथरण्याला ओव्हरले. आपण साध्या भाषेत पोताचा थर म्हणू. पोत म्हणजे काय, हे कापड गिरणीत आयुष्य घालवलेल्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

संगणकावर फोटो दुरुस्त करण्याचा फोटोशॉप हा प्रोग्रॅम १९९० साली बाजारात आला आणि १९९४ साली त्यात एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली. तेव्हा हे काम जाहिरातवाल्यांचे आणि छापखानेवाल्यांचे होते. पुढे २००९ मध्ये हिपस्टामॅटिक आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि एका बोटाच्या टिचकीने कोणालाही आपला फोटो जुना करता येऊ लागला. गंमत अशी की मोबाईलचे कॅमेरे जसजसे चांगले होत गेले, तसतसा लोकांना खराब फोटोंचा सोस वाढला.

थर नुसता अंथरून भागत नाही. खालचा फोटो त्यातून दिसला पाहिजे. त्यासाठी संगणक जे करतो ते चौथीच्या मुलालाही समजेल. फोटो म्हणजे लाखो ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा. सोयीसाठी समजा, काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला एक. आता 'मल्टिप्लाय' नावाची पद्धत घ्या. मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार, आणि तो खरोखरच गुणाकार असतो. वरच्या कागदाचा पांढरा भाग म्हणजे एक. एकाने कशालाही गुणले तरी संख्या बदलत नाही, म्हणून कागदाचा पांढरेपणा गायब होतो. पण चहाचा डाग समजा अर्धा काळा असेल, तर त्याच्याखालचा उजेड निम्मा होतो आणि डाग फोटोवर उतरतो. 'स्क्रीन' नावाची पद्धत याच्या उलट आहे. तिच्यात काळे गायब होते आणि पांढरे उरते. धुळीचे कण, ओरखडे, घडीच्या रेघा यांसाठी ती उपयोगी. 'ओव्हरले' ही पद्धत दोन्हीकडची आहे. वरच्या थरात जिथे मध्यम करडा रंग असेल तिथे ती काही करीत नाही, गडद असेल तिथे काळवंडते, फिका असेल तिथे उजळते. एवढी तीन नावे ध्यानात ठेवली की मुलांना बाजारचे तयार थर उतरवून घेण्याची गरज नाही.

आणि तयार थर घेऊच नयेत, असे आमचे मत आहे. इंटरनेटवरच्या त्या फुकट कागदांवर तेच चार डाग असतात. दहा पत्रिका पाहाव्यात तर सहांच्या उजव्या कोपऱ्यात तोच चहाचा गोल! त्यापेक्षा घरात काय कमी आहे? एका कोऱ्या कागदावर कोरा चहा शिंपडून तो वाळवावा. खाकी पिशवीचा कागद चुरगाळून पुन्हा सरळ करावा. ट्रंकेचे झाकण, उडालेल्या चुन्याची भिंत, आजीच्या विरलेल्या नऊवारीचा पदर, यांचे फोटो काढावेत. डाग हवे असतील तर उजेड सगळीकडे सारखा हवा, म्हणजे ढगाळ दिवशी खिडकीपाशी. सुरकुत्या हव्या असतील तर उजेड एका बाजूने तिरपा हवा, म्हणजे सकाळी दारातून येणारा. धुळीसाठी काळ्या कापडावर चिमूटभर पावडर उधळावी आणि वरून सरळ फोटो घ्यावा. हा थर स्क्रीन पद्धतीने लावायचा. मोबाईलवर स्नॅपसीड नावाचे फुकट ॲप आहे, त्यात 'डबल एक्स्पोजर' या सोयीने दुसरा फोटो वर अंथरता येतो. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांना गिंप हा प्रोग्रॅमही फुकट मिळतो. थराचा जोर कमी-जास्त करण्याची पट्टी असते, ती निम्म्याच्या खालीच ठेवावी. चेहऱ्यावरचा थर पुसून टाकावा. नवरीच्या डोळ्यावर ओरखडा आला तर कोणाला आवडेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटोतला गडद काळा रंग थोडा फिका करावा. जुन्या कागदावर ठार काळे असे क्वचितच उरते.

आता खऱ्या म्हातारपणाकडे वळू. नकली जुनेपणा बहुतेक वेळा फसतो तो इथे, कारण बनवणाऱ्याने खरा जुना फोटो हातात घेऊन पाहिलेलाच नसतो.

तपकिरी रंगाचेच घ्या. आपण समजतो की फोटो जुना झाला म्हणून तपकिरी झाला. पुष्कळदा तसे नसते. पूर्वीच्या स्टुडिओत काळा-पांढरा फोटो मुद्दाम एका रसायनात बुडवीत. त्यातली चांदी गंधकाशी जोडली जाऊन तपकिरी होई, फोटोला उबदार रंग येई आणि तो जास्त टिकेही. म्हणजे ज्याला आपण म्हातारपणाची खूण म्हणतो, तो रंग फोटो नवा कोरा असतानाच चढवलेला होता!

पिवळे डाग पडतात त्याचे कारण वेगळे. फोटो धुताना शेवटी हायपो नावाच्या द्रावणातून काढीत आणि मग भरपूर पाण्यात बराच वेळ धुवावे लागे. घाईत किंवा पाण्याच्या टंचाईत हे धुणे अर्धवट राहिले की हायपो कागदात मुरे आणि काही वर्षांनी डाग वर येत. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कडेला, जिथे रंग गडद असतो, तिथे तिरपे धरून पाहिल्यास निळसर रुपेरी चमक दिसते. ती खरोखरीची चांदी आहे. फोटोतली चांदी वर्षानुवर्षांच्या दमट हवेने पृष्ठभागावर आलेली. ही चमक मोबाईलच्या पडद्यावर कोणत्याही थराने येत नाही. आमच्या मते जुना फोटो ओळखण्याची ही सर्वांत सुंदर खूण आहे. घरात असा फोटो असेल तर आज संध्याकाळी दिव्यापाशी तिरपा धरून पाहा.

रंगीत फोटो मात्र तपकिरी होत नाहीत. १९७० आणि १९८०च्या दशकांतले अल्बम काढून पाहा. बरेच फोटो लालसर-गुलाबी झालेले दिसतील, कारण त्या कागदांतला निळसर रंग इतर रंगांच्या आधी उडत असे. मुलांनी १९८५ सालचा देखावा करायचा आणि त्यावर तपकिरी रंग चढवायचा, हे म्हणजे धोतरावर टाय बांधण्यासारखे झाले. शिवाय उभ्या रेघांचे ओरखडे टाकतात. ते ओरखडे सिनेमाच्या फितीचे, ती यंत्रातून धावते म्हणून पडणारे. कागदावरच्या फोटोला ते कशाला पडतील? त्यापेक्षा कडेची पांढरी पट्टी, करवतीसारखी कातरलेली किनार, काळ्या पानांच्या अल्बममधल्या कोपऱ्यांच्या खुणा, कसरीने खाल्लेले बारीक चट्टे, १९९०च्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यात छापलेली नारिंगी तारीख, हे सगळे खरे.

कोणी म्हणेल, तुम्ही खऱ्या-खोट्याचा एवढा विचार करता, पण जुन्या स्टुडिओत तरी सगळे खरे कुठे होते? मुद्दा बरोबर आहे. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर महाल, बाग, तळे, कधी विमानसुद्धा. कोट, टाय आणि मनगटी घड्याळ स्टुडिओवालाच पुरवी. दिवसभर पाठीवर ओझी वाहणारा माणूस संध्याकाळी त्या कोटात उभा राहिला आणि फोटो गावाला धाडला. त्यात खोटेपणा होता असे आम्हांला कधी वाटले नाही. ज्या समाजाला अंगभर आणि चांगले कपडे घालायचीही बंदी होती, त्या समाजाच्या माणसाने भाड्याच्या कोटात छाती काढून उभे राहणे हे त्याच्या मनातल्या उद्याचे चित्र होते. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कुंचल्याने ओठ लाल आणि साडी हिरवी करून देणारे कारागीर होते. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी काढलाच नसेल आणि त्यांतले एक निवर्तले असेल, तर दोन वेगळे फोटो कातरून, जोडून, पुन्हा फोटो काढून जोडप्याची तसबीर करून देत. पुष्कळ घरांच्या भिंतींवर अशा तसबिरी आजही आहेत. नीट पाहिले तर दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड वेगवेगळ्या बाजूंनी येताना दिसतो.

पण यात एक गोष्ट होती. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की कोट स्टुडिओचा आहे आणि आई-बाबा शेजारी शेजारी बसले नव्हते. तसबीर भिंतीवर होती आणि तिची हकीकत घरच्यांच्या तोंडी होती. दोन्ही एकाच खोलीत राहत. आजचा फोटो घरात थांबत नाही. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जातो आणि त्याची हकीकत पहिल्याच ग्रुपवर मागे राहते. त्यात व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कोणत्या दिवशी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आत दडलेली नोंदही पुसली जाते. मग उरतो नुसता तपकिरी रंग आणि ओरखडे. पाहणारा म्हणतो, जुना दिसतो, तेव्हा जुनाच असणार.

इथे आम्हांला अमेरिकेतल्या एका फोटोग्राफरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे नाव लुईस हाईन (१८७४–१९४०). पेशाने शिक्षक. १९०८पासून बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या एका राष्ट्रीय समितीसाठी ते कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, डबाबंद मासळीचे कारखाने असे हिंडले आणि तिथे राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी विक्रेता, कधी तपासनीस अशी बतावणी करून शिरावे लागे. पण नुसता फोटो काढून ते थांबले नाहीत. मुलाचे नाव, वय, काम, ठिकाण आणि तारीख टिपून घेत. मुलाची उंची कळावी म्हणून स्वतःच्या कोटाची कितवी गुंडी त्याच्या डोक्याला लागते ते पाहत आणि लिहून ठेवीत. त्यांच्या या कामाचे पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. कारखानदारांना ते खोटे ठरवणे अवघड होते, कारण फोटोंमागे नोंद होती. १९३८ साली तिथे बालमजुरीवर बंधने घालणारा जो कायदा झाला, त्याच्यामागे जी जनजागृती होती तिच्यात या फोटोंचा मोठा वाटा होता.

हाईन स्वतः मात्र हलाखीत वारले. पुढे त्यांच्या फोटोंना बाजारात मोठी किंमत आली. त्यांनी स्वतःच्या हाताने छापलेली प्रत असेल तर जास्त किंमत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशा काही प्रतींविषयी जाणकारांना शंका आली, आणि त्यांचा कागद तपासला गेला. जांभळ्या अदृश्य किरणांच्या दिव्याखाली त्यांतल्या कित्येक प्रती चमकल्या! आपल्या भगिनींना टिनोपॉल ठाऊक आहे. पांढऱ्या कपड्याला झळाळी आणणारे. तशाच जातीची रसायने पुढे फोटोच्या कागदातही घालू लागले, पण ती १९५०च्या दशकापासून. हाईन तर १९४० साली गेले. मेलेला माणूस दहा वर्षांनी फोटो कसा छापील?

ध्यानात घ्या, त्या प्रतींवरची मुले खरी होती, गिरणी खरी होती, कष्ट खरे होते. खोटे होते ते फक्त कागदाचे वय. पण तेवढ्या एका खोट्यामुळे हाईन यांच्या अस्सल प्रतींकडेही लोक संशयाने पाहू लागले.

आता आपल्याकडे या. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की ग्रुपवर "दुर्मिळ फोटो" येऊ लागतात. त्यांतले काही खरोखरच दुर्मिळ असतात आणि पाठवणाऱ्याचे उपकार मानावेत असे असतात. पण काही असे असतात की कोणी काढला, कुठे काढला, मूळ प्रत कोणाकडे, काही पत्ता नाही. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात मामुट्टी यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. त्यातले एखादे दृश्य तपकिरी करून त्यावर ओरखडे टाकले, तर चित्रपट न पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ते खरे वाटणारच. आणि आता तर कॅमेराही लागत नाही. वाक्य टाईप केले की कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र काढून देते. अशा चित्रातली गुळगुळीत कातडी आणि वेडीवाकडी बोटे झाकायला हाच धुळीचा आणि ओरखड्यांचा थर कामी येतो.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे आम्ही जाणतो. श्रद्धेपोटी पाठवतात. पण २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला ज्या हजारो माणसांनी हात लावला, त्यांच्यापैकी किती जणांचे चेहरे आज कोणाला माहीत आहेत? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे लाखो लोक पायी, बैलगाडीने, रेल्वेने आले, त्यांच्यापैकी किती जणांकडे कॅमेरा होता? आपल्या बाजूचे साक्षीदार मुळात थोडे. त्यांच्यात एक बनावट साक्षीदार घुसवला आणि तो पकडला गेला, तर समोरचा माणूस उरलेल्या खऱ्यांनाही बनावट म्हणायला मोकळा होतो. म्हणून असा फोटो आला की पाठवणाऱ्याला प्रेमाने विचारावे: दादा, मूळ फोटो कोणाकडे आहे? त्याच्या मागे काय लिहिले आहे? गूगल लेन्सवर तो फोटो टाकून आधी कुठे कुठे आला होता तेही पाहता येते. उत्तर मिळाले नाही तर पुढे पाठवू नये. आणि आपण स्वतः पत्रिकेसाठी किंवा वाढदिवसासाठी फोटो जुना केला, तर खाली कोपऱ्यात खरे साल बारीक अक्षरात घालावे. शोभा कमी होत नाही. उलट तुमच्या नातवंडांना पुढे कोडे पडणार नाही.

आता ट्रंकेकडे येऊ. मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या झाल्या आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन पिढ्या वाढल्या त्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण घर बदलताना आधी काय टाकतात, तर माळ्यावरचे सामान. गंजलेली ट्रंक भंगारवाल्याला जाते आणि तिच्या तळाशी वर्तमानपत्राखाली गिरणीचा फोटो असलेला पास, आजोबांचा कोटातला फोटो, समता सैनिक दलाच्या गणवेशातला एखादा मामा, हे सगळे किलोच्या भावाने जाते. आणि त्याच घरातला मुलगा मोबाईलवर पैसे भरून "व्हिंटेज पेपर" विकत घेतो! या विसंगतीला काय म्हणावे?

तेव्हा भगिनींनो, ट्रंक देण्याआधी रिकामी करून पाहा. फोटो सापडले तर ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ तेवढी झटका. लॅमिनेशन करू नका, कारण ते पुन्हा निघत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. त्याची वरची कातडी काचेवरच राहील. आधी काचेसकट त्याचा फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल फोटोला समांतर धरा. गूगलचे फोटोस्कॅन ॲप चमक टाळायला मदत करते. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर असेल तर त्याला ६०० डीपीआय ठेवायला सांगा. ही पहिली प्रत तशीच बाजूला ठेवावी. डाग काढणे, रंग भरणे, उजळणे जे करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. हल्ली एका टिचकीत जुना चेहरा "स्वच्छ" करून देणारी ॲप आहेत. ती पुसट चेहरा दुरुस्त करीत नाहीत, नवा चेहरा अंदाजाने बसवतात. डोळे टपोरे होतात, नाक सरळ होते, आणि आजी दुसऱ्याच कोणाची तरी आजी होते.

मग एखाद्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मध्ये बसवून एकेक फोटो दाखवावा. मोबाईलवर त्यांचे बोलणे मुद्रित करावे. काळ्या-पांढऱ्या फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहावे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. फोटो काचेवर पालथा ठेवून मऊ पेन्सिलीने कडेला, हलक्या हाताने लिहावे. रंगीत फोटोंचा कागद मागून प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल चालत नाही; त्यासाठी साधे कागदी पाकीट करून पाकिटावर लिहावे आणि मग फोटो आत घालावा. साल आठवत नसेल तर "दुष्काळाच्या पुढच्या वर्षी" किंवा "थोरला चालायला लागला तेव्हा" असे लिहिले तरी पुढच्यांना साल काढता येते. आणि फोटोतल्या बाईचे नाव "अमक्याची आई" किंवा "तमक्याची मंडळी" असे लिहू नये. तिचे स्वतःचे नाव, आणि माहेरचे गाव आठवत असेल तर तेही विचारून घालावे. हे सांगणारी माणसे घरात आता एक किंवा दोनच उरली असतील.